मॉनिटर घेताना नाव नको, आकडा विचारा

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि मोठे टीव्ही, मॉनिटर, प्रोजेक्टर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. ‘मॉनिटर स्वस्त झाले’ ही बातमी ऐकून ज्यांनी आपल्या उदगीरमध्ये खरेदीचा बेत केला असेल, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही कपात ३२ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यांपुरती होती. टेबलावर ठेवायच्या एकोणीस, बावीस, चोवीस इंची मॉनिटरवर निदान १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच कर आहे. म्हणजे शाळेचा संगणक कक्ष, टायपिंगची संस्था, आपले सरकार सेवा केंद्र, ग्रामपंचायत किंवा घरी अभ्यास करणारी मुलगी यांना या बदलातून काही मिळालेले नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न जुनाच आहे: हातात आहेत तेवढ्या पैशांत कोणता पडदा घ्यावा?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. संगणकाचा डबा पाच-सहा वर्षांत बदलतो, कीबोर्ड-माउस दोन वर्षांत बदलतात, मॉनिटर मात्र आठ-दहा वर्षे जागचा हलत नाही. आज संस्थेने घेतलेल्या पडद्यासमोर आता पहिलीत असलेली मुले दहावीत गेल्यावर बसणार आहेत. तरीही कोटेशनमध्ये प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क यांचे आकडे तपशिलाने लिहिलेले असतात आणि मॉनिटरपुढे फक्त ‘एलईडी, १९ इंच’ एवढेच. इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. त्या कर्णाच्या आत किती बारीक वीण आहे, हे इंचांवरून कळत नाही. दुकानात कळते ते नाव: एचडी, एचडी रेडी, फुल एचडी, टू-के, फोर-के. माझे म्हणणे असे की ही नावे बाजूला ठेवून दोन आकडे विचारावेत आणि ते आकडे आपल्या कामाशी, विशेषतः मराठी वाचण्या-लिहिण्याच्या कामाशी, ताडून पाहावेत. असे ताडल्यावर निघणारे उत्तर नेहमी ‘जास्तीत जास्त’ असे नसते आणि ‘स्वस्तात स्वस्त’ असेही नसते.

पडद्यावर ठिपके उभ्या-आडव्या रांगांत बसवलेले असतात. एका आडव्या ओळीत किती ठिपके आणि अशा ओळी किती, हे सांगणारी जोडी म्हणजे रेझोल्यूशन. १९२० × १०८० म्हणजे १०८० ओळी आणि प्रत्येक ओळीत १९२० ठिपके. या जोड्या सुरुवातीला कुठल्या समितीने नव्हे, तर आयबीएम या एका कंपनीने ठरवल्या. १९८१ मध्ये तिच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरसोबत जी रंगीत चित्राची सोय आली, तीत जास्तीत जास्त ६४० × २०० ठिपके होते. १९८४ मध्ये ६४० × ३५० आले आणि १९८७ मध्ये ६४० × ४८०. हे शेवटचे म्हणजे व्हीजीए. निळ्या टोकाची, पंधरा पिनांची ती केबल आजही अनेक संगणक कक्षांत मॉनिटरच्या मागे खोचलेली दिसते. पुढे सगळ्या कंपन्या आपापल्या वाटेने जाऊ लागल्यावर उत्पादकांनी ‘व्हेसा’ नावाची संघटना काढली आणि ८०० × ६०० सारख्या जोड्यांना सर्वमान्य रूप दिले. आयबीएमनेच आणलेली १०२४ × ७६८ ही जोडी पुढे कितीतरी वर्षे जगभरच्या कार्यालयांचे नेहमीचे माप होती. आपल्याकडील सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी ‘१०२४ × ७६८ वर उत्तम दिसते’ अशी सूचना कितीतरी वर्षे होती.

आपला खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. जुने पडदे बहुतेक चार-तीनच्या प्रमाणात होते, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. टीव्हीने सोळा-नऊचे प्रमाण स्वीकारले, कारखाने टीव्हीसाठी पॅनेल कापू लागले आणि २००८ ते २०१० च्या सुमारास संगणकाचे पडदेही त्याच मापात कापले जाऊ लागले. ७६८ ओळी तशाच ठेवून रुंदी सोळा-नऊच्या प्रमाणात वाढवली की १३६५ आणि वर थोडे येते. ते पूर्ण करून १३६६ केले. १३६६ × ७६८ ही विचित्र जोडी अशी जन्मली. भारतात साडेअठरा इंची मॉनिटर आणि स्वस्त लॅपटॉप यांच्या रूपाने ती घरोघर, शाळोशाळी पोचली. खोक्यावर ‘एचडी’ असे लिहून आल्यामुळे जुन्या चौकोनी मॉनिटरपेक्षा हे पुढचे पाऊल आहे, असा सगळ्यांचा समज झाला.

तो समज तपासून पाहू. त्या काळातला सतरा इंची चौकोनी मॉनिटर १२८० × १०२४ चा होता. त्यावर एकूण ठिपके १३ लाख १० हजार. नव्या साडेअठरा इंची ‘एचडी’वर १० लाख ४९ हजार. ओळी पाहिल्या तर जुन्यावर १०२४ आणि नव्यावर ७६८. दर इंचातले ठिपके जुन्यावर सुमारे ९६, नव्यावर सुमारे ८५. नवा मॉनिटर हलका आहे, वीज कमी खातो, त्यावर सिनेमा कडेपर्यंत भरून दिसतो. पण कागदपत्राच्या कामासाठी तो जुन्यापेक्षा मागे आहे. नाव पुढे गेले आणि उंची मागे आली, हे कोटेशन वाचणाऱ्या मुख्याध्यापकाला किंवा ग्रामसेवकाला कोणी सांगितले नाही.

उंचीवर एवढा भर का? कारण आपली कागदपत्रे उभी आहेत. ए-फोर कागदाची उंची ११.७ इंच. तो पूर्ण कागद ७६८ ओळींत बसवायचा तर कागदाच्या एका इंचाला जेमतेम ६५ ओळी मिळतात, आणि वरची पट्टी, खालची पट्टी वजा केली की त्याहून कमी. स्कॅन करून आलेला फेरफार, न्यायालयाचा आदेश, जुन्या दस्ताची नक्कल एवढ्या जाडसर विणीत वाचता येत नाही. मग मोठे करायचे, खाली सरकवायचे, पुन्हा वर जायचे. १०८० ओळींत त्याच कागदाच्या इंचाला ९२ ओळी मिळतात आणि पान एका नजरेत पुष्कळसे वाचता येते. तालुक्याच्या कार्यालयांत ई-ऑफिस आले आहे, फाइल कागदावरून पडद्यावर गेली आहे. दिवसभर अशी पाने वाचणाऱ्या कारकुनासाठी हा फरक रोजच्या श्रमाचा आहे.

आता देवनागरीकडे येतो. माझ्या मते निर्णयाचे सर्वांत जड वजन इथे आहे.

विंडोजमध्ये मेनू, खिडक्यांची नावे, याद्या यांची अक्षरे नेहमीच्या मांडणीत नऊ पॉइंटांची असतात आणि नव्वद-शंभर ठिपक्यांच्या पडद्यावर त्यांना उंचीत साधारण बारा ठिपके मिळतात. इंग्रजीला ते पुरतात. लहान लिपीतल्या अक्षराचे अंग सहा-सात ठिपक्यांत मावते, वर-खाली जाणाऱ्या रेघा उरलेल्यांत. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर एक मजला आणि अक्षराच्या पायाखाली एक मजला असतो. ‘अटी-शर्तींचा’ हा शब्द घ्या. ‘तीं’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे एकत्र आहेत आणि त्यांना मिळून तीनच ठिपके उंची मिळते. ‘उद्धृत’मध्ये जोडाक्षर खाली उतरते आणि त्याच्याही खाली ऋकार लटकतो. अशा वेळी पडद्यापुढे दोनच मार्ग उरतात: अक्षराचे अंग लहान करायचे, नाहीतर खुणा एकमेकींत मिसळू द्यायच्या.

हे दुखणे संगणक आला तेव्हापासूनचे आहे. आयबीएमच्या पहिल्या रंगीत पडद्यावर एका अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांची चौकट होती. तीत मराठी बसणे शक्यच नव्हते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान याच अडचणीवरचे उत्तर होते. संगणकात वेगळे कार्ड बसवून भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या गेल्या. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात केला. ज्यांचा हात बोरूच्या जाड-बारीक वळणांवर बसलेला होता, त्यांना ती वळणे मोजक्या ठिपक्यांत बसवावी लागली. आज ‘मुक्ता’सारखे सुबक फॉन्ट फुकट मिळतात. पण पडद्यात ठिपके कमी असतील तर फॉन्टकाराच्या कौशल्यालाही तिथे मर्यादा पडते.

याचा परिणाम कुठे दिसतो? ‘ब’ आणि ‘व’ यांत फरक एका तिरक्या रेघेचा. ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक एका गाठीचा. ‘म’ आणि ‘भ’ तसेच. आडनाव, गावाचे नाव, गट क्रमांकातला एक आणि नऊ यांत अशी गफलत झाली आणि ती सातबाऱ्यावर उतरली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. शेतकऱ्याला तहसीलच्या खेपा पडतात. अशी प्रत्येक चूक पडद्यामुळे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कामाचा दाब, तपासणीचा अभाव, मूळ कागदावरचे पुसट हस्ताक्षर ही कारणे बहुधा मोठी असतील. पण जी चूक टाइप करणाऱ्याच्या डोळ्यांना तिथल्या तिथे दिसायला हवी, ती धूसर पडद्यावर निसटते, एवढे निश्चित.

उदगीर हे नुसते मराठीचे गाव नाही. बीदर फार दूर नाही, कन्नड अनेक घरांत आहे, आणि उर्दू बोलणारी, उर्दू शाळांत शिकणारी मुले इथे मोठ्या संख्येने आहेत. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो. उर्दूची नस्तालीक लिपी तर प्रत्येक शब्द उजवीकडून वर सुरू करून डावीकडे खाली उतरवते. तिला देवनागरीपेक्षाही जास्त उंची लागते. १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेले ‘इनपेज’ आजही उर्दू छपाईचे मुख्य साधन आहे, आणि त्यात काम करणाऱ्याला ७६८ ओळी किती तोकड्या पडतात हे सांगायला नको. इंग्रजीच्या मापाने ठरलेला पडदा या तिन्ही लिप्यांना अपुरा पडतो. ज्या गावात एप्रिल २०२२ मध्ये पंच्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या गावाने तरी पडदा निवडताना लिपीचा विचार आधी करावा.

दुसरी बाजू हलकी नाही. तिचे पहिले म्हणणे पैशाचे आहे. बाजारात साडेअठरा इंची ‘एचडी’ आणि साडेएकवीस इंची फुल एचडी यांत साधारण दोन हजारांचा फरक पडतो असे धरले, तर वीस संगणकांच्या कक्षात चाळीस हजार होतात. विनाअनुदानित शाळेसाठी ही मोठी रक्कम आहे. त्या पैशांत चांगली बॅटरी आणि इन्व्हर्टर येतो. आणि वीज गेल्यावर दोन तास बंद पडणाऱ्या फुल एचडी कक्षापेक्षा चालू असलेला जुना कक्ष केव्हाही बरा. दुसरे म्हणणे शिक्षणाचे. टायपिंगची बोटे ७६८ ओळींच्या पडद्यावरही तितकीच वळतात. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम कुठल्याही चालू मॉनिटरवर पूर्ण होतो. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलाची बुद्धी ठिपक्यांवर अवलंबून नसते. हे दोन्ही मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत.

तिसरे म्हणणे अनुभवातून येते आणि ते नीट समजून घ्यायला हवे. फुल एचडी मॉनिटर आणला की पन्नाशीच्या पुढचे शिक्षक आणि कारकून म्हणतात, अक्षरे बारीक झाली. त्यांचे बरोबर आहे. साडेअठरा इंची ‘एचडी’वर इंचाला ८५ ठिपके, साडेएकवीस इंची फुल एचडीवर १०२. तेवढ्याच ठिपक्यांचे अक्षर सहाव्या हिश्शाने लहान होते. मग कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन १३६६ × ७६८ वर आणते. अक्षर मोठे होते, पण धूसर होते. कारण एलसीडी पॅनेलचे ठिपके कारखान्यात कायमचे ठरलेले असतात. १०८० ओळींवर ७६८ ओळींचे चित्र ताणले की एक ठिपका सुमारे १.४ ठिपक्यांत बसवावा लागतो आणि कडा विरतात. शेवटी निष्कर्ष निघतो की महाग मॉनिटर घेऊन उपयोग झाला नाही.

यावर उपाय सोपा आहे. रेझोल्यूशनला हात न लावता विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करायचे. बारा ठिपक्यांचे अक्षर पंधरा ठिपक्यांचे होते, म्हणजे जुन्या ‘एचडी’वर होते त्याहून किंचित मोठे आणि कितीतरी स्वच्छ. वेलांटी, रफार, अनुस्वार यांना जागा मिळते. आणि एवढे मोठे करूनही पडद्यावर मजकूर मावतो तो ८६४ ओळींच्या हिशोबाने, म्हणजे जुन्या ७६८ पेक्षा जास्तच. हे एक सेटिंग माहीत नसल्यामुळे चांगले पडदे वाया जातात. संस्थेतल्या संगणक शिक्षकांनी नव्या मॉनिटरच्या पहिल्याच दिवशी ते करून द्यावे. ज्यांना तेही बारीक वाटेल, त्यांच्यासाठी चोवीस इंची फुल एचडी घ्यावा. त्यात इंचाला ९२ ठिपके बसतात, अक्षर आपोआप मोठे येते. मात्र सत्तावीस इंचांत फुल एचडी घेऊ नये. तिथे वीण ८२ वर येते, साडेअठरा इंची ‘एचडी’पेक्षाही जाड.

जुन्या संगणकाला फुल एचडी चालेल का, ही शंकाही रास्त आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक संगणकांना १९२० × १०८० जमते, निळ्या व्हीजीए केबलवरूनही. फक्त ती केबल लांब किंवा हलकी असली तर अक्षरांना सावली पडते. एचडीएमआयचे भोक असेल तर तेच वापरावे.

सेकंड हँड मालाबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. उदगीरहून रेल्वेने बीदर, विकाराबादमार्गे हैदराबादला जाता येते. तिथल्या, विशेषतः सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारांतून कंपन्यांनी काढलेले मॉनिटर स्वस्तात मिळतात. काही लोक ते सरसकट कचरा समजतात, काही सरसकट घेऊन येतात. इथेही आकडा विचारावा. १२८० × १०२४ चा चौकोनी किंवा १९२० × १०८० चा वापरलेला मॉनिटर सुस्थितीत असेल तर तो कार्यालयीन कामाला नव्या ७६८ ओळींच्या मॉनिटरपेक्षा सरस आहे. पाहायचे ते एवढेच की मागचा दिवा पिवळा तर पडला नाही ना. जुन्या एलसीडीत एलईडीऐवजी बारीक नळीचे दिवे असतात, ते वापराने मंद होतात. त्या नळ्यांत पाराही असतो, म्हणून असा मॉनिटर बंद पडला की भंगारवाल्याच्या गाड्यावर न टाकता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावा.

फोर-केची हौस आता आपल्याकडेही आली आहे. फोर-के हे नाव सिनेमागृहांतून आले. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये डिजिटल प्रक्षेपणाची मापे ठरवली, त्यात ४०९६ × २१६० ला फोर-के आणि २०४८ × १०८० ला टू-के म्हटले. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने टीव्हीसाठी ३८४० × २१६० ला अल्ट्रा एचडी हे नाव ठरवले, दुकानदारांनी त्यालाही फोर-के म्हणायला सुरुवात केली. मॉनिटरच्या बाजारात टू-के म्हणून जो विकला जातो तो बहुधा २५६० × १४४० असतो, सिनेमातल्या टू-केशी त्याचा संबंध नाही. ‘एचडी रेडी’ हे २००५ मधले युरोपीय टीव्ही उत्पादकांचे लेबल, त्याचा अर्थ किमान ७२० ओळी. आणि खोक्यावर ‘फोर-के सपोर्ट’ असे असेल तर यंत्र फोर-केचा सिग्नल घेते एवढाच त्याचा अर्थ. दाखवताना ते तो ७२० किंवा १०८० ओळींतही दाखवत असेल. स्वस्त प्रोजेक्टरमध्ये ही फसवणूक सर्रास होते. खोक्यावरचे बीआयएसचे चिन्ह विजेच्या सुरक्षिततेचे आहे, चित्राच्या स्पष्टतेची हमी ते देत नाही.

निरोगी डोळा एक मिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या, कोनापर्यंतचा बारकावा ओळखतो. हात लांब केल्यावर जेवढे अंतर होते त्या साठ सेंटिमीटरवरून पाहताना हा बारकावा इंचाला सुमारे १४५ ठिपक्यांवर येतो. सत्तावीस इंची फोर-केवर इंचाला १६३ असतात, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेपलीकडे. अक्षरे छापील पुस्तकासारखी दिसतात, हे खरे. ज्यांचे पोट त्यावर आहे, म्हणजे लग्नाचे अल्बम करणारे, फ्लेक्स आणि पत्रिका जुळवणारे, व्हिडिओ संपादन करणारे, त्यांनी जरूर घ्यावा. पण इतरांनी दोन गोष्टी तपासाव्यात. संगणकाचे एचडीएमआय १.४ पिढीचे असेल तर फोर-के सेकंदाला फक्त तीस वेळा ताजे होते आणि माउस अडखळल्यासारखा फिरतो. शिवाय हिशेबाचे आणि टायपिंगचे कितीतरी जुने प्रोग्रॅम स्केल वाढवल्यावर धूसर दिसतात. चौपट ठिपक्यांचे पैसे मोजून अक्षर अस्पष्ट, अशी स्थिती होते.

टीव्हीला तर अंतर आणखी निर्णायक आहे. त्रेचाळीस इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहताना डोळ्याला इंचाला २९ च्या पुढचे ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत. फुल एचडीवरच ५१ असतात. शाळेतल्या पासष्ट इंची डिजिटल फळ्याचेही तसेच. वीस फुटांवरच्या शेवटच्या बाकाला फुल एचडी आणि फोर-के एकसारखेच. त्या मुलाला अक्षर मोठे हवे, निदान दोन-अडीच सेंटिमीटर उंचीचे. ते शिक्षकाच्या हातात आहे.

डोळ्यांच्या नावाने भीती घालणेही टाळायला हवे. कमी रेझोल्यूशनमुळे डोळे कायमचे बिघडतात याला आधार नाही. डोळे शिणतात ते पापण्या कमी लवल्यामुळे, खिडकीच्या झगझगाटामुळे, फार जवळ बसल्यामुळे. मराठवाड्याच्या उन्हात पडद्यासमोर खिडकी उघडी ठेवली तर फोर-केही वाचता येणार नाही. मॉनिटर खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीला लावावा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवावी. याला खर्च काहीच नाही. मात्र अंदाजाने अक्षर ओळखत दिवस काढणे हा त्रास खराच आहे, आणि तो चांगल्या पडद्याने कमी होतो.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट जास्तीची आहे. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते, जेईई मेनही. लातूरला शिकवणीला जाणारी उदगीरची कितीतरी मुले वर्षभर कागदावर सराव करतात आणि रसायनशास्त्राचे सूत्र, त्यातले बारीक अंक, भौतिकशास्त्राची आकृती पहिल्यांदा पडद्यावर परीक्षेच्या दिवशी पाहतात. परीक्षा केंद्रावर कोणता मॉनिटर मिळेल हे त्यांच्या हातात नाही. पण शाळेत किंवा वाचनालयात चांगल्या पडद्यावर पान कसे मोठे करायचे, कसे सरकवायचे याचा सराव त्यांना देता येतो.

सगळे तोलून पाहता माझे मत असे आहे. नव्या खरेदीत, ती शाळेची असो, पालिकेची, ग्रामपंचायतीची किंवा सेवा केंद्राची, १३६६ × ७६८ चा मॉनिटर आता घेऊ नये. साडेएकवीस ते चोवीस इंचांत १९२० × १०८० ही किमान अट लिहावी. दोन हजारांचा फरक दहा वर्षांवर पसरला तर एका मॉनिटरमागे वर्षाला दोनशे रुपये होतात. देवनागरी स्वच्छ दिसण्यासाठी ही किंमत जास्त नाही. ज्या शाळेला खरोखर परवडत नसेल तिने वीसऐवजी पंधरा घ्यावेत किंवा चांगले वापरलेले घ्यावेत, पण कमी ओळींचे नवे घेऊ नयेत.

हीच अट देणगीला किंवा आहे त्या सामानाला लावू नये. कुणी माजी विद्यार्थी जुने मॉनिटर देऊ करत असेल आणि ते ७६८ ओळींचे असतील, तर टायपिंग आणि प्रोग्रॅमिंगच्या वर्गासाठी ते आनंदाने घ्यावेत. बिलाच्या काउंटरवर, पहारेकऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर ते वर्षानुवर्षे चालतील. फक्त जिथे मराठी किंवा उर्दू कागदपत्र दिवसभर वाचले आणि लिहिले जाते, जिथे नावातली एक रेघ चुकली तर कुणाला तरी अर्ज करावा लागतो, त्या टेबलावरून ते हलवावेत. तलाठ्यांच्या, दस्तलेखकांच्या आणि सेवा केंद्रांच्या टेबलांवर चांगला पडदा आधी पोचावा, साहेबांच्या दालनात नंतर.

सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मागणी नोंदवणाऱ्या, कोटेशनवर सही करणाऱ्या सर्वांना विनंती आहे. पुढच्या वेळी मॉनिटरच्या रकान्यात ‘एलईडी, एचडी’ असे लिहू नका. ‘१९२० × १०८०, साडेएकवीस इंच किंवा मोठा, एचडीएमआय केबलसह’ असे लिहा, आणि माल आल्यावर पैसे देण्याआधी एकदा डिस्प्ले सेटिंग उघडून तोच आकडा पडद्यावर वाचून घ्या.